आत्याला त्यांनी इसम केलं

वर्तमानपत्रात 'इसम' हा शब्द दिसला की माझं डोकं आजही फिरतं. घरातले हसतात. त्यांना वाटतं, निवृत्त मास्तरीणबाईंची ही व्याकरणाची खोड आहे. खोड आहे, नाही म्हणत नाही. पण या रागाचं मूळ व्याकरणाच्या पुस्तकात नाही, ते मुळशीच्या तळ्याकाठी आहे, आणि ते एकदा सांगून टाकायला हवं. नावं मात्र मी कुणाचीच लिहिणार नाही. नावांनी तेव्हा पुरेसा घोळ घातला होता.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या मागचंपुढचं एखादं वर्ष असेल. पौडच्या पुढे, मालेच्या बाजूला एका शाळेवर माझी नेमणूक झाली होती. आधीचे हेडमास्तर शिकवता शिकवता पुण्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचे. त्यांची बदली झाली तेव्हा ते जाता जाता म्हणाले, "बाई, एवढं तुम्ही चालू ठेवा. तालुक्याचं कुणी काही छापत नाही." मी ठेवलं. बिबट्यानं वासरू नेलं, भातावर रोग पडला, दरड कोसळून रस्ता बंद झाला, असल्या बातम्या मी एस.टी.च्या कंडक्टरकडे पाकिटात घालून द्यायची. दैनिकाकडून कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा यायचा, त्यावर माझ्या आडनावाआधी 'श्री.' असायचं. मी दोनदा कळवलं की मी श्रीयुत नाही. कुणी वाचलं नाही. मग मीही सोडून दिलं.

आत्या राहायची ती वाडी तळ्याच्या अगदी वर होती. ती पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, हाडापेरानं दणकट. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि नऊवारी लुगडं चापूनचोपून नेसलेलं. हिरडे, शिकेकाई, करवंदं गोळा करून ती पौडच्या बाजारात विकायची आणि लग्नसराईत आसपासच्या गावांत वऱ्हाडाचा स्वयंपाक करायची. चुलवणावरून भाताचं भलंमोठं भांडं उतरवायचं तर दोन गडी लागायचे. आत्या एकटी उतरवायची.

मी नवीन होते. शेजारणीला विचारलं, "ही सगळ्यांची आत्या कशी?"

शेजारीण सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "आत्या म्हंजी आत्या. जलमाला आली तवा पोरगा म्हनून बारसं केल्यालं. वयात आली आन् लुगडं न्येसली. बापानं लई मारली, घराभाईर काढली. मग आई अंथरुनाला खिळली तवा हिनंच येऊन तिचं सगळं केलं. आता बाईच हाय." आणि ती पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.

गाव फार मोठ्या मनाचं होतं असं मी म्हणणार नाही. चहाच्या हॉटेलात तिच्या पाठीमागे घाणेरडं बोललं जायचं. एकदोघं तोंडावरही बोलायचे आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की पळायचे. पण हाक मारताना सगळे 'आत्या' म्हणायचे. सांगताना 'आत्या आली', 'आत्या गेली'. जो तिच्यावर विनोद करायचा तोसुद्धा 'आत्या आली रं' असंच म्हणायचा. क्रियापद कुणी चुकवत नव्हतं. एवढं तरी त्या गावात वर्षानुवर्षांच्या भांडणांतून ठरून गेलं होतं, आणि ते ठरवायला आत्याला काय काय सोसावं लागलं असेल ते तिचं तिलाच माहीत.

त्या दिवशी पौडचा बाजार होता. तळ्यापलीकडच्या वाड्यांतली माणसं होडीनं अलीकडे यायची आणि मग बाजाराची वाट धरायची. परतताना होडीत नेहमीपेक्षा जास्त माणसं बसली. वर पोती, शेळ्या. दुपारनंतर तळ्यावर वारा सुटतो तसा सुटला. होडी काठापासून फार लांब गेलीही नव्हती, तिथंच ती कलंडली.

ओरडा शाळेपर्यंत ऐकू आला. मी पोरांना वर्गात कोंडून धावले. मी पोचले तेव्हा निम्मी माणसं बाहेर आली होती आणि आत्या छातीएवढ्या पाण्यात उभी होती. ती सरपण आणायला खाली उतरली होती. होडी कलंडलेली दिसताच तिनं अंगावरचं लुगडं सोडलं, एक टोक जांभळीच्या बुंध्याला बांधलं आणि दुसरं हातात घेऊन पाण्यात शिरली. त्या लुगड्याला धरून एकेक माणूस काठाला लागत होतं. शेवटी एक बाई तान्ह्या पोराला डोक्यावर धरून बुडत होती. तिला आत्यानं केसांना धरून ओढलं. माणूस एकही गेलं नाही. दोन शेळ्या तेवढ्या गेल्या.

सगळे बाहेर आले, पण आत्या पाण्यातून बाहेर येईना. लुगडं चिखलात पडलेलं, जागोजागी फाटलेलं. अंगात फक्त चोळी. ती तशीच पाण्यात उभी, दात वाजत होते. मग काठावरचे बाप्ये एकेक करून तळ्याकडे पाठ करून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. चहाच्या हॉटेलातला तो विनोद करणारासुद्धा पाठ फिरवून उभा राहिला. बायकांनी घोंगडी आडवी धरली, आत्याला आत घेतलं, आणि त्या घोळक्यातच तिला वाडीवर नेलं.

मी तेव्हा रडले होते. रडत रडतच संध्याकाळी बातमी लिहिली. एका बाईनं अंगावरच्या लुगड्याचा दोर करून बुडत्या माणसांना वाचवलं, असं साधं, सरळ. खाली तिचं ती सांगायची ते नाव, वाडीचं नाव. कंडक्टरला बजावून सांगितलं, आजच पोचली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी अंक आला. पहिल्या पानावर चौकट. मथळा: 'स्त्रीवेषधारी इसमाचे धाडस.'

मी दोनदा वाचलं. मला वाटलं, दुसरीकडची कुठली बातमी आहे. पण तळं आमचंच, होडी आमचीच. दैनिकाच्या दुसऱ्या एका बातमीदारानं पौडला पोलिसांकडे चौकशी केली होती. तिथून त्याला पोलीस पाटलाच्या दप्तरातलं तिचं बारशाचं नाव मिळालं. ते नाव वाडीतल्या म्हाताऱ्यांनासुद्धा आठवून सांगावं लागलं असतं. ते आधी छापलं, मग 'ऊर्फ' घालून तिचं नाव. ऊर्फ! दरोडेखोराला लावतात तसं. आणि मजकुरात काय, तर 'लुगडे फेडताच सदर इसम पुरुष असल्याचे उघड झाले व उपस्थितांत खळबळ उडाली.'

काही उघड झालं नव्हतं. कसली खळबळ नव्हती. जे गावाला तीस वर्षं ठाऊक होतं ते उघड काय होणार? काठावरच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी पाठ फिरवली होती, आणि पुण्यात खुर्चीवर बसलेल्या माणसानं न पाहता वाकून पाहिलं होतं.

अंक चहाच्या हॉटेलात मोठ्यानं वाचला गेला. 'इसम' हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी पोरांच्या तोंडी होता. आत्या शिकेकाईचं गाठोडं घेऊन शाळेवरून जाऊ लागली की मागच्या बाकावरून दबक्या आवाजात यायचं, "इसम आला, इसम आला." तीस वर्षांत गावाला जे क्रियापद चुकवायचं सुचलं नव्हतं, ते छापलेल्या कागदानं एका दिवसात चुकवून दाखवलं. मी पोरांना उभं केलं. फळ्यावर 'आत्या' लिहिलं आणि लिंग विचारलं. सगळे म्हणाले, "स्त्रीलिंगी." पन्नास वेळा लिहून घेतलं. शाळेत थांबलं, रस्त्यावर थांबलं नाही.

मग बघे यायला लागले. रविवारी पुण्याहून मोटारी धरणावर यायच्याच. त्यातले काही आता वाडीची वाट विचारायचे. एकानं कॅमेरा आणला होता. आत्यानं त्याच्यावर शेणाची पाटी उपडी केली, तर तो हवालदाराला घेऊन आला. आणि भरे गावच्या एका घरानं लग्नाचा स्वयंपाक तिच्याकडून काढून घेतला. निरोप घेऊन आलेला माणूस खाली बघून म्हणाला, "पावण्यांनी पेपर वाचलाय, आत्या. आमचं काय न्हाई, पन पावणे…" तीच माणसं वीस वर्षं तिच्या हातचं जेवत होती.

मी दैनिकाला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर नाही. मग सुटीच्या दिवशी सकाळची एस.टी. धरून मी स्वतःच निघाले. पौड, पिरंगुट, बावधनची माळरानं, चांदणी चौकाचा चढ. सगळ्या वाटेत मी मनात भाषण तयार करत होते.

कचेरीत उपसंपादक होते. चष्मा कपाळावर, तोंडात सुपारी, समोर मुद्रितांचा ढीग. मला पाहून म्हणाले, "या, बसा. आपण कुणाच्या मंडळी?"

"मी तुमची मुळशीची वार्ताहर."

त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. बहुधा नवरा पायऱ्या चढून येत असेल असं वाटलं. "म्हणजे श्रीयुत…"

"श्रीयुत कुणी नाही. मीच."

ते ओशाळले. खरोखर ओशाळले. कारकुनाला हाक मारून म्हणाले, "अहो, या मुळशीच्या बाई आहेत! आणि आपण इतके दिवस श्रीयुत म्हणतोय. आजपासून पाकिटावर सौभाग्यवती…"

"कुमारी," मी म्हटलं.

"कुमारी घाला. बाई, माफ करा हं. फार वाईट झालं."

एवढंच. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मग मी आत्याचा विषय काढला.

"बाई, तुम्ही म्हणता स्त्री, पोलीस म्हणतात पुरुष," ते म्हणाले. "आम्ही काय छापायचं?"

"जिची बातमी आहे तिला विचारायचं."

"तिला… त्याला… बघा, इथंच गाडी अडते."

"तुमची अडते. आमच्या दुसरीतल्या पोरांची अडत नव्हती. आता अडायला लागलीय, तुमच्यामुळे."

"पण वाचकांची दिशाभूल व्हायला नको."

"कशाची दिशाभूल? वाचकाला काय सांगायचं होतं? होडी कलंडली, माणसं वाचली. त्यात तिच्या बारशाच्या नावाचं काय काम? लुगड्याच्या आत काय आहे याचं काय काम? आणि मी आत्ता कुमारी म्हटलं, तर मला पुरावा नाही मागितलात."

"तुमचं वेगळं, बाई. तुम्ही दिसताच आहात."

"तीही दिसते. तुम्ही तिला पाहिलंय कुठं?"

त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. मग खालच्या आवाजात, जवळजवळ समजूत घालत म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही पाठवलीत तशी बातमी आतल्या पानावर चार ओळी गेली असती. हे होतं म्हणून पहिल्या पानावर चौकट मिळाली. तुमच्या त्या आत्याचं नाव सगळ्या जिल्ह्यात झालं. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

वाटेत तयार केलेलं भाषण मी सोडून दिलं. मी म्हटलं, "खुलासा छापा."

"छापतो," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्यानं मला चहा पाजला, स्टँडची वाट सांगितली, आणि शब्द पाळला. हीच तर कटकट.

पुढच्या आठवड्यात खुलासा आला. 'मुळशी येथील होडी दुर्घटनेसंबंधी आमच्या वार्ताहर कु. अमुक कळवितात की, सदर व्यक्ती पुरुष नसून स्त्रीही नव्हे. ते नपुंसक असून ग्रामस्थांत प्रिय आहे.'

ते! आपल्या भाषेत तीन लिंगं आहेत. त्यातलं हवं ते एक वापरायचं, तर या शहाण्यांनी उरलेली दोन्ही वापरून संपवली. ते म्हणजे ते वासरू, ते मडकं, ते भूत. आणि वर माझं नाव, अचूक, कुमारीसकट. म्हणजे गावानं काय समजायचं? बाईंनी पुण्याला जाऊन हे सांगितलं.

मी त्याच संध्याकाळी वाडीवर गेले. आत्या अंगणात शिकेकाई निवडत बसली होती. तिनं बस म्हटलं नाही.

"बाई, तुमी असं लिव्हलंत?"

"नाही हो, आत्या. मी भांडायला गेले होते." मी सगळं सांगितलं. उपसंपादक, चहा, सुपारी, सगळं. ती शेंगा निवडत ऐकत राहिली.

"म्या पान्यात शिरले," ती म्हणाली, "मानसं बुडत व्हती म्हनून. लुगडं सोडलं, दुसरं काय नव्हतं म्हनून. आन् ह्यांना लुगड्याच्या आतलंच पायजे?"

"मी पुन्हा लिहिते. या वेळी संपादकांनाच…"

तिनं हातातल्या शेंगा सुपात आपटल्या. "आता लिव्हू नका! तुमी लिव्हता आन् दर टायमाला माझं कायतरी कमी व्हतंय. पयली बाई व्हते. मग बाप्या झाले. आता 'ते' झाले. पुढल्या खेपंला काय करत्यात, धोंडा?"

मला हसू आलं आणि मी ते दाबलं, पण तिनं पाहिलं. ती हसली नाही. तिचे डोळे भरले होते. मग म्हणाली, "त्या भऱ्याच्या पोरीचं लगीन. तिच्या आईच्या लग्नात बी म्याच रांधलं व्हतं. पोरगी माझ्या मांडीवर वाढली. तिच्या जेवनाला म्या न्हाई."

शेवटी मी विचारलं, "मग मी काय करू, आत्या? सांगा तुम्ही."

"माजं लिव्हायचं बंद करा. धक्क्याचं लिव्हा. तितं उतरायला धड जागा न्हाई, समदी एका अंगाला चढत्यात, म्हनून कलंडली होडी. त्याचं कुनी छापलंय का?"

खरंच, कुणी छापलं नव्हतं. मीसुद्धा लिहिलं नव्हतं. मग काठावरच्या सगळ्या वाड्यांची एक बैठक झाली. आत्या त्यात बोलली, पलीकडची माणसं बोलली. मी बातमी पाठवली: होडीत चढण्याउतरण्यासाठी दगडी पायऱ्या बांधाव्यात अशी मागणी. बोलणाऱ्यांची नावं दिली, त्यात आत्याचं नाव, तिचं ती सांगते ते. आत्या कोण, काय, याबद्दल एक अक्षर नाही. पाकीट दिलं आणि वाट पाहत बसले, आता आणखी काय निघतंय म्हणून.

बातमी आतल्या पानावर, जाहिरातीखाली आली. 'श्रीमती अमुक म्हणाल्या की, पावसाळ्यात या ठिकाणी चिखल होतो. त्या पुढे म्हणाल्या…'

श्रीमती. म्हणाल्या. त्या. एकही चूक नाही!

मला आधी आनंद झाला, मग संताप आला. उपसंपादकांना काही उमगलं म्हणून हे घडलं नव्हतं. बातमीत लुगडं नव्हतं, म्हणून त्यांनी ओळखलंच नाही की ही तीच बाई. 'ऊर्फ'च्या पुढचं नाव त्यांनी कधी नीट वाचलंच नव्हतं. माहीत नव्हतं तेव्हा बरोबर लिहिलं. माहीत झालं की चुकवतात. म्हणजे बरोबर लिहायला काही अवघड नव्हतं. वार्ताहरानं पाठवलं ते नाव, पाठवलं ते क्रियापद, तसंच छापायचं, बस्स. माणूस स्वतःला जे म्हणवतो ते लिहावं. जुनं नाव उकरू नये. अंगाचा प्रश्न बातमीत नसेल तर तो आणू नये. याला कसली विद्वत्ता लागते? आता शब्द बदलले, जरा सभ्य झाले, तरी दागिना चोरीला गेला काय, पूर आला काय, माणूस तसा असला की मथळ्यात तेच आधी. मी अजून पत्रं लिहिते. अजून उत्तरं येत नाहीत.

आत्याला मी बातमी वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली. 'श्रीमती' ऐकून तिनं पदर सारखा केला. तिसऱ्या वेळी वाचताना तिनं मला मधेच थांबवलं.

"थांबा. 'पूर्वेच्या बाजूस' म्हंजी कुटं?"

मी पाहिलं. माझ्या मजकुरात पश्चिम होतं. छापताना पूर्व झालं होतं.

"आवो, पूर्वेला खडक हाय!" आत्या ओरडली. "तितं होडी लागतीय व्हय? जांभळीच्या अंगाला पायजे पायऱ्या. काय लिव्हता बाई तुमी!"

"मी बरोबरच लिहिलं होतं, आत्या. त्यांनी…"

"तुमचं समदं त्यांनीच केल्यालं असतंय."

पुढच्या वर्षी पायऱ्या झाल्या. पूर्वेच्या बाजूस. कुणीतरी कचेरीत कात्रण जोडलं असणार आणि कुणी जागा बघायला आलंच नसणार. माणसं चिखलातूनच होडीत चढत राहिली. पायऱ्यांवर दुपारी म्हशी बसायच्या. माझी बदली झाली, मी मुळशी सोडली, तरी कधी बाजाराला आत्या भेटली की लोकांसमोर मला ऐकवायची, "बाई, दिशा तरी नीट लिव्हायची व्हती."